टोपीवाला आणि तू शोधलेली मधमाशी

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, तुझ्या त्या टोपीवाल्याच्या गेमचं खरं नाव काय, कॉलेजच्या प्रोजेक्टला एक जुना प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, घ्यायचाय आणि ग्रुपमधले सगळे मरिओ मरिओ करतायत, आणि मी जरा कुठे सांगायला लागलो तोवर तुझं लॅब सुरू झालं आणि फोन ठेवलास. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय बघ. रात्री आईला सांगायला बसलो तर ती म्हणाली मला कशाला सांगतोस, जिनं विचारलंय तिलाच लिही की. म्हणून लिहितोय. व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात पाठवून काही नीट कळलं नसतं.

गेमचं नाव ॲडव्हेंचर आयलंड. जपानीत 'ताकाहाशी मेइजिन नो बोकेनजिमा', मेइजिन म्हणजे आपल्याकडे उस्ताद म्हणतात तसं, म्हणजे उस्ताद ताकाहाशीचं साहसाचं बेट. १९८६ सालचा गेम. पण हे सगळं मला कळायला बरीच वर्षं गेली, कारण आपल्याकडे जी कॅसेट होती तिच्यात नाव जपानी अक्षरात यायचं आणि आमच्या अख्ख्या गल्लीत ते वाचणारं कोण असणार. स्क्रीनवर एक गुबगुबीत माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला झावळ्यांचा घागरा, अंगात शर्ट नाही. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायला लागलो आणि माझ्यासाठी तो आजही टोपीवालाच आहे.

१९९५ ची गोष्ट, मी पाचवीत. इचलकरंजीचं आपलं जुनं घर तुला आठवतंय ना, मागच्या बाजूला माग होते ते, दिवसरात्र खटखट चालायची. त्या दिवाळीत आजोबांनी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला. त्या वेळी सामुराई, मीडिया अशा नावांनी ती मशीन मिळायची, आमची तर त्याहून स्वस्तातली, डब्यावर कसलंच धड नाव नव्हतं. म्हणजे निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या मशीनची नक्कल. आता तुला एक गंमत सांगतो जी मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. फॅमिकॉम जपानमध्ये आला १९८३ ला, आणि त्याच्यासाठी अधिकृतपणे निघालेला सगळ्यात शेवटचा गेम म्हणजे ॲडव्हेंचर आयलंड ४, २४ जून १९९४. म्हणजे तिकडे त्या मशीनवर शेवटचा पडदा पडला तो आमच्याच टोपीवाल्याच्या हातानं, आणि त्यानंतर वर्षभरानं आमच्या घरी ते मशीन आलं, आणि आम्हाला वाटत होतं की जगातली सगळ्यात नवीन गोष्ट आपल्या टीव्हीवर आहे. मला ह्याचं वाईट नाही वाटत, उलट तो आमच्यासाठी थांबला होता असं वाटतं.

आता गेम काय होता ते नीट सांगतो कारण तुझ्या प्रोजेक्टला खरा मुद्दा हाच आहे. मरिओमध्ये तू नुसती उभी राहिलीस तरी वरचं घड्याळ उतरतं, बरोबर? घड्याळ म्हणजे परीक्षेचा वेळ. टोपीवाल्याला घड्याळ नाही, त्याला भूक आहे. वर एक पट्टी असते, बारीक बारीक रेघांची, आणि ती सतत एकेक रेघ कमी होत जाते, तू काही चूक केली नाहीस तरी. फळ खाल्लं की थोडी भरते. केळं, अननस, असलं काय काय हवेत लटकलेलं असतं आणि पुढे गेल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणजे उभं राहणं हाच धोका. आणि धावलीस तर समोर दगड असतो, त्याला ठेच लागली की जीव जात नाही पण दोनचार रेघा जातात. शेकोटीला किंवा गोगलगाईला नुसता हात लागला तरी लाइफ गेली. त्यामुळे थांबायचं नाही आणि धावायचंही नाही, ह्याच्या मधला एक वेग असतो, तो हातात बसायला मला दोन महिने लागले असतील. एकदा बसला ना की उडी मारायच्या आधीच अंगठ्याला कळतं. मी आजही सायकलवर खड्डे चुकवताना तसाच जातो.

आणि वांगं! अंडी असतात वाटेत, ती फोडायची, कुणात दगडी कुऱ्हाड निघते, कुणात स्केटबोर्ड, कुणात ती छोटी परी जी आली की थोडा वेळ कशालाही धडक दे, तुला काही होत नाही. पण एखाद्या अंड्यातून वांगं निघतं. वांगं तुझ्या डोक्यावर येऊन राहतं आणि ती भुकेची पट्टी सरसर उतरायला लागते. ज्यांनी हे सुचवलं त्यांना काय म्हणावं, सगळी फळं तुला जगवतात आणि एकटं वांगं तुला उपाशी मारतं. तुझी आजी स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता बघायची आणि म्हणायची, "अरे आपल्याकडं वांग्यानं कुणी मेलं नाही बाबा." पण तिलाच हा गेम सगळ्यात जास्त आवडायचा. कॉन्ट्रा लावला की ती उठून जायची, नुसत्या गोळ्या काय बघायच्या. टोपीवाला लावला की पदराला हात पुसत दारात उभी, कारण तिला त्याची भूक कळायची. "ते केळं राहिलं बघ मागं," असं ती ओरडायची आणि मी म्हणायचो, आई, मागं जाता येत नाही ग. खरंच येत नाही, स्क्रीन एकदा पुढे सरकली की सरकली. सुटलेलं केळं सुटलं. तिला ते पटायचंच नाही.

स्केटबोर्डबद्दल एक सांगतो, हे डिझाइन म्हणून बघ तू. स्केटबोर्ड मिळाला की शत्रूला धडकलं तरी लाइफ जात नाही, फक्त बोर्ड जातो. म्हणजे बक्षीसच झालं ना? पण बोर्डवर थांबता येत नाही. वेग कमी-जास्त करता येतो, उभं राहता येत नाही. म्हणजे ज्याला अजून गेम नीट येत नाही त्याला बोर्ड वाचवतोय असं वाटतं आणि तो त्याला थेट खड्ड्यात घेऊन जातो, आणि ज्याला येतो तो त्याच बोर्डवर अख्खा राउंड एका दमात काढतो. एकच वस्तू, घेणाऱ्याप्रमाणे वेगळी. आताच्या गेममध्ये पन्नास प्रकारच्या पॉवर असतात, तू मला दाखवतेस, मी कौतुकानं बघतो पण त्यात असलं फार कमी दिसतं.

आठ एरिया, प्रत्येकात चार राउंड, म्हणजे बत्तीस. प्रत्येक चौथ्या राउंडच्या शेवटी बॉस, म्हणजे त्या एरियाचा सगळ्यात मोठा शत्रू. त्या बॉसचं अंग प्रत्येक वेळी तेच, डोकं वेगळं. एक हरवलास की त्याचं डोकं निघतं आणि खाली पुढच्या एरियाचं डोकं असतं. लहानपणी मला वाटायचं की हा एकच माणूस आहे आणि हरला की नवीन मुखवटा घालून पुढे जाऊन बसतो, आणि मला त्याची जराशी दयाही यायची. तीन लाइफ. आणि त्या संपल्या की सगळं संपलं, परत पहिल्या एरियाचा पहिला राउंड, तीच गोगलगाय.

कंटिन्यू नव्हतंच. निदान आम्हाला तसंच माहीत होतं.

आता ह्यात लाईटचा भाग घाल. तेव्हा इचलकरंजीत लाईट कधी जाईल ह्याचा नेम नसायचा. लाईट गेली की टीव्ही काळा व्हायचा आणि त्याच क्षणी मागच्या मागांची खटखट बंद. एरवी तो आवाज इतका कायमचा होता की ऐकू यायचाच नाही, बंद झाला की कानाला झिणझिण्या. सहावीच्या सुट्टीत मी आणि बाळ्या सहाव्या एरियापर्यंत पोचलो होतो, गल्लीत कुणीच तिथं गेलं नव्हतं, दुपारचे दीड-दोन वाजले असतील, दारात चार पोरं चपला काढून उभी, आणि खटखट थांबली. कुणी काही बोललं नाही. बाळ्या म्हणाला, "परत लावूया लाईट आल्यावर," आणि लाईट आली संध्याकाळी सातला, आणि आम्ही परत पहिल्या गोगलगाईपासून लावला. त्यानंतर सहाव्या एरियाला मी पुन्हा कधी पोचलो नाही. बाळ्याचं कुटुंब दुसऱ्या वर्षी सुरतेला गेलं. तिकडं त्यांच्या काकांचे माग होते.

मग कॅसेट बदलून देणारं एक दुकान होतं स्टँडजवळ, जुनी द्यायची, वर वीस रुपये द्यायचे आणि दुसरी घ्यायची. माझ्या सगळ्या कॅसेट तिथं फिरल्या. ही एक दिली नाही. दादाकाका म्हणायचा, देऊन टाक की ती, सगळं पाठ झालंय तुला. पाठ होतं म्हणूनच नाही दिली.

ताकाहाशी कोण ते सांगायचं राहिलं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा एका सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये देऊन, एका पानावर अचानक टोपीवाल्याचं चित्र दिसलं. काळजात धस्स झालं म्हणतात ना तसं. तिथं पहिल्यांदा कळलं की हा खरा माणूस आहे. तोशियुकी ताकाहाशी, हडसन सॉफ्ट नावाच्या कंपनीत नोकरीला. जपानच्या पार उत्तरेला होक्काइडो बेट आहे, तिथल्या सापोरो शहरातली कंपनी, १९७३ ला दोन भावांनी, कुदो त्यांचं आडनाव, हौशी रेडिओवाल्यांना सामान विकायचं दुकान म्हणून सुरू केली. थोरल्याला वाफेच्या इंजिनांचं भयंकर वेड, म्हणून इंजिनाच्या एका प्रकाराचं नाव दुकानाला दिलं, हडसन. पुढे हेच लोक निन्टेन्डोच्या मशीनसाठी बाहेरून गेम करून देणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी झाले, १९८४ ला. बॉम्बरमॅन तुला माहितीये, तोही त्यांचाच.

तर हा ताकाहाशी कंपनीतर्फे गावोगाव फिरून पोरांना गेम खेळून दाखवायचा. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबायचा, त्यासाठी तो जपानभर प्रसिद्ध झाला, पोरं त्याच्यासाठी वेडी झाली होती. आणि त्या पोरांना तो काय सांगायचा माहितीये? गेम दिवसाला एक तास. गेम विकणाऱ्या कंपनीचा माणूस हे स्टेजवरून सांगायचा, १९८५ साली, आणि ते वाक्य तिकडे म्हणीसारखं झालं. मी हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले, भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करून, "मोठा काटा परत तिथंच आला की बंद." त्यांना सापोरो कुठं आहे हे माहीत नव्हतं. आणि तुलाही मी तेच सांगत आलो, तू चिडायचीस, पण तो नियम माझा नव्हता, आजोबांचा होता आणि त्या टोपीवाल्याचाही होता.

तो त्या गेममध्ये कसा आला हेही छान आहे. मुळात हा गेम वेगळाच होता, वंडर बॉय नावाचा, एस्केप नावाच्या छोट्या कंपनीनं सेगा ह्या मोठ्या गेम कंपनीसाठी केलेला, १९८६ लाच, पैसे टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा. करारात असं होतं की नाव आणि हिरो सेगाचा, पण बाकीचा गेम करणाऱ्यांचा. मग हडसननं तोच गेम घेतला, तीच अंडी, तोच स्केटबोर्ड, तीच भूक, आणि हिरो काढून तिथं आपल्या ऑफिसातला हा माणूस टोपीसकट उभा केला. अमेरिकेत त्याचं नाव मास्टर हिगिन्स केलं कारण तिथं ताकाहाशीला कोण ओळखणार.

म्हणजे एकाच पोटचे दोन भाऊ बघ. वंडर बॉयला आता चांगले दिवस आलेत. २०१७ ला त्याचा ड्रॅगन्स ट्रॅप नावाचा जुना भाग हाताने रंगवलेल्या चित्रांत परत आला, इतका देखणा की मी तुला मुद्दाम बसवून दाखवला होता, आणि त्यात बटण दाबून जुनं चित्र आणि जुना आवाजही परत आणता येतो. नंतर २०१८ ला मॉन्स्टर बॉय आला, २०२१ ला आशा नावाच्या मुलीचा. मला आनंदच आहे त्याचा. पण दर वेळी मी दुसऱ्या भावाची वाट बघतो.

दुसऱ्या भावाचंही चांगलं चाललं होतं की सुरुवातीला. दुसरा भाग १९९१ चा, आठ बेटं, आणि त्यात चार डायनोसोर मिळतात बसायला, प्रत्येकाला पत्त्यांचं एक चिन्ह, बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. एक उडतो, एक पाण्यात पोहतो. जास्तीच्या वस्तू साठवून ठेवता येतात आणि पुढच्या राउंडला काय न्यायचं ते आपण ठरवायचं. मी म्हणेन दुसरा भाग सगळ्यात प्रेमानं केलेला आहे. भूक तिथंही आहेच, पण तुझ्या सोबतीला कुणीतरी आहे. तिसरा १९९२ ला, बराचसा दुसऱ्यासारखाच. त्याच वर्षी सुपर निन्टेन्डोवर सुपर ॲडव्हेंचर आयलंड, त्याचं संगीत युझो कोशिरोचं, ते तू नक्की ऐक, रात्री हेडफोन लावून ऐक, समुद्रावर बसल्यासारखं वाटतं. पहिल्या भागाचं संगीत जून चिकुमाचं, बॉम्बरमॅनचं केलेल्या त्याच बाई, आणि तीच ती धून आहे जी मी भांडी घासताना गुणगुणतो आणि तू म्हणतेस बंद कर. चौथा तर जपानबाहेर निघालाच नाही. तिथं राउंड एकामागे एक नाहीत, एक अख्खं जग आहे, मागे फिरता येतं. आजीला तो दाखवायला हवा होता, राहिलेलं केळं परत जाऊन घेता आलं असतं तिला.

मग काय झालं म्हणशील. गेम वाईट झाला म्हणून संपला असं नाही. होक्काइडो ताकुशोकू नावाची मोठी बँक होती, हडसनचे व्यवहार तिच्याकडे, ती १९९७ ला बुडाली. कंपनीला पैसा दुसरीकडून उभा करावा लागला, शेअर बाजारात जावं लागलं, त्यातून कोनामी नावाची मोठी गेम कंपनी आत आली, हळूहळू हिस्सा वाढत गेला आणि १ मार्च २०१२ ला हडसन कोनामीत विरून गेली. नावच संपलं. ताकाहाशी त्याच्या आदल्या वर्षीच कंपनी सोडून गेला होता. टोपीवाल्याचा शेवटचा नवा गेम २००९ चा, ॲडव्हेंचर आयलंड द बिगिनिंग, फक्त निन्टेन्डोच्या वी नावाच्या मशीनवर, तोही दुकानात नाही, नुसता डाउनलोडचा. आणि ते डाउनलोडचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. म्हणजे आज कुणी पैसे हातात घेऊन उभा राहिला तरी तो गेम विकत मिळत नाही. नाव काय ठेवलं होतं बघ, बिगिनिंग. बॉम्बरमॅनला कोनामीनं २०१७ ला परत आणलं, मोठा गाजावाजा करून. म्हणजे जुनं काही परत आणायचंच नाही असं काही नाहीये त्यांचं. टोपीवाल्याचा नंबर लागलेला नाही, इतकंच. आणि मला वाटतं त्याचं एक कारण असं असेल की तो खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उभा आहे आणि तो माणूस आता त्या कंपनीचा नाही. हा माझा अंदाज, प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तुला आठवतंय का नाही मला माहीत नाही, तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची होतीस.

२०२०, लॉकडाउन. आपण इचलकरंजीला अडकलो होतो. माळ्यावरून मी ते मशीन काढलं, कॅसेटच्या पितळी पट्ट्या खोडरबरनं घासल्या, पाचव्या-सहाव्या खेपेला लागलं. आजी पलंगावर टेकून बसली होती, तिच्या गुडघ्यांना तेव्हा फार त्रास व्हायचा. तुला मी रिमोट दिला आणि शेजारी बसून सांगत राहिलो, उडी, कुऱ्हाड, पळ, पळ, भूक उतरतेय. तू पळतच नव्हतीस. तू प्रत्येक दगडाजवळ थांबत होतीस, मागं-पुढं करत होतीस, कारण नसताना उड्या मारत होतीस, आणि मी मनातून चिडत होतो, खरं सांगतो, कारण मला तो राउंड डोळे मिटून येतो. पहिल्या राउंडच्या शेवटी गोलची पाटी दिसायला लागली. मी म्हणालो, जा आता. तू गेली नाहीस. भूकपट्टीच्या पाचसहा रेघा उरल्या होत्या आणि तू तिथंच पाटीजवळ उड्या मारत बसलीस, एक इकडं, एक तिकडं.

आणि अंडं आलं.

तिथं अंडं नाही सई. पंचवीस वर्षं मी तिथून गेलोय, हजारदा गेलो असेन, तिथं कधीच काही नव्हतं. तू ते फोडलंस आणि आतून एक छोटी मधमाशी निघाली. तू म्हणालीस, "बाबा, ही काय करते?" आणि मला सांगता येईना. मी म्हणालो माहीत नाही. आजी म्हणाली, "पोरीनं काहीतरी शोधलंय."

तू थोड्या वेळानं कंटाळून गच्चीवर गेलीस. मी मोबाइलवर शोधलं. ती हडसनची मधमाशी, कंपनीचं चिन्ह. पहिल्याच राउंडच्या शेवटी लपवून ठेवलेली. ती सापडली असेल तर तिन्ही लाइफ गेल्यावर दिशेचं बटण धरून स्टार्ट दाबायचं, की तू जिथं मेलीस त्याच एरियापासून परत सुरू. कंटिन्यू. म्हणजे कंटिन्यू होतं. पहिल्या दिवसापासून होतं, आमच्याच कॅसेटमध्ये, पहिल्या गोगलगाईपासून मिनिटभराच्या अंतरावर. आमच्या मशीनबरोबर कधी पुस्तक आलंच नव्हतं, तर सांगणार कोण. आणि भूक लागलेली असताना पाटी समोर दिसल्यावर थांबून उड्या मारायचं गल्लीतल्या एकाही पोराच्या डोक्यात आलं नाही.

मला त्या रात्री बाळ्याची फार आठवण आली. त्याचा नंबर दादाकाकाकडून मिळवला, सुरतेला फोन लावला, वीस-बावीस वर्षांनी. तोही घरीच बसलेला, माग बंद, कामगार गावी गेलेले. मी म्हणालो, बाळ्या, टोपीवाल्याला कंटिन्यू होतं रे. तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "कुठं?" कोण बोलतंय, कसा आहेस, काहीच नाही. कुठं, एवढंच. मी म्हणालो पहिल्याच राउंडला, पाटीपाशी, माझ्या मुलीला सापडलं. मग आम्ही दोघं तासभर बोललो, आणि त्यात गेमबद्दल जेमतेम दहा मिनिटं असतील.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक तास आपण बसायचो, तू, मी आणि आजी. आधी मधमाशी घ्यायची, मगच पुढं. तुला ते रोजचं काम वाटायचं, मला त्या अंड्याच्या आवाजानं दर वेळी पोटात काहीतरी व्हायचं. सहावा एरिया मी दुसऱ्यांदा पाहिला तो तुझ्यामुळं. आठव्याचा बॉस मी मारला तेव्हा तू झोपली होतीस आणि आजी जागी होती. डोकं निघालं आणि खाली दुसरं डोकं नव्हतं. टोपीवाला राजकन्येजवळ पोचला. आजी म्हणाली, "पोचला बाई एकदाचा. जेवला असेल का रे?" पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या तोंडून मी त्या गेमबद्दल ऐकलेलं ते शेवटचं.

तर सई, प्रोजेक्टला काय घ्यायचं ते तू ठरव. मरिओ घेतलास तरी मला काही वाईट वाटणार नाही, मरिओ मोठाच आहे. पण टोपीवाला घेतलास तर भूक घे, टोपी-घागरा राहू दे. बाकीचे सगळे उडी किती उंच, शत्रू किती, हेच मोजतील. तू ती पट्टी मोज, दर किती सेकंदांनी एक रेघ उतरते, एका फळानं किती चढते, आणि दोन फळांमधलं अंतर कसं ठेवलंय. माझी खात्री आहे की ते कुणीतरी खूप विचार करून बसवलेलं आहे, कारण पंधरा-वीस वेळा उपाशी मेलीस तरी गेमचा राग येत नाही, आपलं चुकलं हे कळतं. ते कसं जमवलं असेल ह्याचं उत्तर मला कधी सापडलं नाही, तुला कोडिंग येतं.

आणि कोनामीला लिहायचंय म्हणत होतीस ना मागे, गेम परत आणा म्हणून? लिही. इंग्रजीत लिही आणि खाली माझंही नाव घाल, आणि बाळ्याचंही, त्याला विचारलंय मी, तो हो म्हणालाय. सांग त्यांना, इचलकरंजी आणि सुरत इथून मिळून तीन लोक वाट बघतायत, आणि काही बदलू नका म्हणावं, वांगंसुद्धा.

दादाकाका शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवतोय. वर चिवडा, खाली शंकरपाळ्या, आणि सगळ्यात तळाशी फडक्यात गुंडाळून ती कॅसेट आणि मशीन. तेलकट हातानं धरू नकोस. लावायच्या आधी खोडरबर फिरव, पांढरा घे, शाईचा नको, पट्टी झिजते. फुंकर मारू नकोस, आम्ही मारायचो पण ओल जाते आत. पिवळी पिन सैल आहे, टीव्हीच्या मागे घातल्यावर खालून काडेपेटी लावून जरा वर उचलून ठेवावी लागते, नाहीतर चित्र काळं-पांढरं येतं. नीट लागला की मला फोन कर, लॅबच्या आधी नको, रात्री कर, आईला सांगून ठेवलंय.

तुझा,
बाबा